पाणी तापलं का?

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत दिवाळी पाणी भरण्यानं सुरू होते. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या कन्नड घरातल्या अक्का न्हाणीतला हंडा चिंचेनं घासून लख्ख करतात, त्याच्या गळ्याला रानवेल गुंडाळतात, चुन्याची बोटं ओढतात, काठोकाठ पाणी भरतात आणि हळदकुंकू वाहतात. त्यांच्याकडे याला 'नीर तुंबुव हब्ब' म्हणतात, म्हणजे पाणी भरायचा सण. आमच्याकडे हंड्याच्या जागी बंब, बाकी सगळं तेच. जसलं कडू फळ आम्ही कारीट म्हणून पायाखाली फोडतो, तसल्याच फळाची वेल त्या हंड्याला बांधतात. पहाटे चारला दोन्ही घरांच्या न्हाणीतून धूर निघतो आणि दोन्हीकडे एकच प्रश्न ऐकू येतो. समोर 'नीर कादावेनु?', आमच्याकडे 'पाणी तापलं का?'

माझं माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यातलं. तिथं या प्रश्नाला 'तापाय लागलंय' असं उत्तर मिळायचं. बेळगावात सासरी आले तर 'तापूलालंय' म्हणू लागले. पाऊणशे किलोमीटरात क्रियापद बदललं, पण उत्तर देणारी बाईच राहिली.

गेल्या दिवाळीनंतर आमचा बंब बुडातून ठिबकायला लागला. सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा बंब, तीन पिढ्यांनी त्यातलं पाणी अंगावर घेतलेलं. पूर्वी गल्लीत फिरणारा माणूस असल्या भोकाला डाख लावून द्यायचा. तो कित्येक वर्षांत फिरकलेला नाही. भांड्यांच्या दुकानात बंब नेला तर मोडीत घालायचा का म्हणून विचारलं आणि सरळ तांब्याचा भाव सांगितला. सासूबाई बंब घेऊन परत आल्या, न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "आता तूच बघ काय घ्यायचं ते." त्या एका वाक्यावर मी कित्येक महिने खानापूरपासून कोगनोळीच्या नाक्यापर्यंत घरोघरी न्हाणीत डोकावत फिरले. कोणाकडे पाणी कशावर तापतं, कोण तापवतं, किती वेळ लागतो, किती पैसे जातात, एवढंच विचारत.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. घाटमाथ्यावरून येणारं वारं, जूनपासून चार महिने ओल, डिसेंबर-जानेवारीत बोचरी पहाट. घर गरम ठेवायची व्यवस्था आपल्याकडे कोणी बांधत नाही, तेवढी थंडी पडतही नाही. आपली ऊब बादलीत असते. त्यामुळे पाणी कशावर तापवायचं हा प्रश्न इथं वाटतो तितका लहान नाही.

बंब कसा चालतो हे आता नव्या मुलांना सांगावं लागतं. तांब्याचं उभं पिंप, मधून आरपार जाणारी नळी, खाली जाळी आणि राखेचं खापर. जाळ नळीतून वर जातो, पाणी त्याच्या चहूबाजूंनी. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाला लागतो, निम्म्याहून जास्त ऊब बाजूनं निसटते. बंबात विस्तव पाण्याच्या पोटात असतो, म्हणून तो कमी लाकडात जास्त तापवतो. आमच्या बंबाला वर नरसाळं होतं. त्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की ते आतल्या नळीनं तळाशी जायचं आणि वरचं कढत पाणी तेवढंच तोटीतून बाहेर पडायचं. ऊन पाणी हलकं, ते वर राहतं, गार जड, ते खाली बसतं. एवढ्या साध्या गोष्टीवर तांबटांनी आख्खं यंत्र उभं केलं होतं. पुढं गच्चीवरचा सोलर समजून घेताना मला हेच नरसाळं आठवलं, कारण तिथंही पंपाशिवाय पाणी फिरतं ते याच नियमानं.

आता या यंत्राची दुसरी बाजू. बंब पेटवायला पहाटे साडेचारला कोणीतरी उठतं. माहेरी आई उठायची, सासरी मी उठले. आधी पुरुषांच्या आंघोळी, मग शाळेची मुलं, मग सासूबाई, आणि सगळ्यांचं आटोपून, धुणं भिजवून शेवटी जिनं बंब पेटवला ती. तोवर निखारे विझलेले, तोटीतून कोमट धार. विसण घालायची वेळच यायची नाही. विसण म्हणजे कढत पाण्यात मिसळायचं गार पाणी. ज्या बाईनं पाणी तापवलं तिला ते घालावं लागत नाही, हे मी जितक्या घरांत विचारलं तितक्या घरांत बायकांनी ऐकून नुसती मान हलवली. एका घरात सून म्हणाली, "वैनी, तुम्ही पहिल्या हे विचारणाऱ्या."

जळण काय, यावर एक वेगळा लेख होईल. खानापूर-जांबोटीकडे अजून रानातली वाळकी लाकडं. निपाणीकडे शेणी, उसाची चिपाडं, मक्याची बुरकुंडं, नारळाच्या करवंट्या, तंबाखू काढून झाल्यावर उपटलेली खोडं. तंबाखूच्या खोडांचा धूर डोळ्यांत उतरतो तेव्हा मिरची पूड उडाल्यासारखं होतं. लहानपणी आम्ही त्या धुरात दात घासायचो. पण शेतातलं जळण निदान झाडापिकाचं असतं. शहरात मला जे दिसलं त्यानं जास्त काळजी वाटली. लाकूड मिळत नाही म्हणून बंबात प्लायवूडचे तुकडे जातात, थर्माकोल जातो, प्लॅस्टिकच्या पिशव्या जातात. पेट लवकर घ्यावा म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा जुनी चप्पल घालणारी घरं आहेत. हा धूर बंद न्हाणीत, पोटुशी बाई आणि लहान मुलं असताना कोंडतो. घरात कोंडणाऱ्या धुरानं जगभरात वर्षाला ३२ लाख माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. स्वयंपाकाची चूल उज्ज्वला योजनेनं २०१६ नंतर बऱ्याच घरांतून हलली. न्हाणीतली चूल मात्र जिथल्या तिथं राहिली. सिलिंडर दोन महिने पुरवायचा तर पाणी लाकडावरच, हा हिशेब जवळजवळ प्रत्येक घरात ठरलेला.

या न्हाणीतल्या चुलीचा विचार कोणी केलाच नाही असं मात्र नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ साली 'अस्त्र' नावाचं केंद्र सुरू केलं, खेड्यांना उपयोगी पडेल असं विज्ञान करायला. तिथून 'अस्त्र ओले' ही कमी धुराची चूल निघाली आणि तिच्याच जोडीनं आंघोळीच्या हंड्यासाठी सुधारलेली चूलही. कर्नाटकात ती पुष्कळ घरांत बांधली गेली. इकडे पुण्यात आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा करायची रीत बसवली, तिला २००२ साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. आमच्याकडे आजही फडातच पेटवून दिलं जाणारं पाचट बघितलं की ती रीत आठवते आणि जीव हळहळतो.

आता विजेकडे येते. एक हिशेब मी वहीत मांडला होता तो इथं देते, कारण दुकानदार तो कधी सांगत नाही. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे अर्ध्या युनिटला थोडी कमी वीज. घरात पाच माणसं, रोज पाच बादल्या, तर महिन्याला साधारण ७० युनिट, आणि टाकीतून निसटणारी ऊब धरली तर त्याहून थोडी जास्त. हीच बादली उघड्या चुलीवर तापवायला जवळपास किलोभर वाळकं लाकूड जातं. आणि १४.२ किलोच्या सिलिंडरवर गॅस गिझर चालवला तर अंदाजे तीनशे बादल्या, म्हणजे पाच माणसांना दोन महिने.

सत्तर युनिट म्हटलं तर फार नाहीत. पण कर्नाटकात या आकड्याला एक वळण आहे. २०२३ साली गृहज्योती योजना आली. घरगुती ग्राहकाला महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज मोफत. आमच्याकडे वीज देणारी हेस्कॉम, म्हणजे हुबळीची कंपनी. बिलावर रक्कम शून्य आली तेव्हा आमच्या गल्लीत बायकांनी बिलं एकमेकींना दाखवली. त्यातलं कन्नड ज्यांना येत नाही त्यांना नातवंडांनी वाचून दाखवलं. मात्र २०० ही सगळ्यांची मर्यादा नव्हे. २०२२-२३ मध्ये घराचा जो सरासरी महिन्याचा वापर होता त्यावर १० टक्के, एवढाच त्या घराचा मोफत कोटा. पुढे ४८ युनिटपेक्षा कमी सरासरी असलेल्यांना १० टक्क्यांऐवजी सरसकट १० युनिट जादा दिले. कोटा ओलांडला तर वरच्या युनिटचे पैसे, आणि २०० ओलांडले तर सगळंच बिल भरायचं.

याचा अर्थ वडगावातल्या एका मागावाल्या घरात बसून मला नीट कळला. घरात दोन दिवे, पंखा, टीव्ही, मिक्सर. पाणी चुलीवर. २०२२-२३ मध्ये त्यांचा वापर चाळीस युनिटच्या आसपास, म्हणून कोटा पन्नासच्या आसपास. आता सुनेला लेकरू झालंय, गिझर घ्यावा असं घरात चाललंय. गिझरचे सत्तर युनिट आले की ते जवळजवळ सगळे विकतचे. आणि टिळकवाडीतल्या ज्या घरात आधीपासून गिझर होता, त्यांचा वापर तेव्हाच दीडशेवर होता, म्हणून त्यांचं तापलेलं पाणी आज फुकट. ज्या घरानं वर्षानुवर्षं धूर सोसून वीज वाचवली त्याच्या वाट्याला कमी आलं. योजना चांगली आहे, बायकांच्या हातात तिनं पैसे राखले आहेत, हे मी मनापासून मानते. पण हा कोटा ठरवताना न्हाणीत कोणी डोकावलं असतं तर बरं झालं असतं.

कोगनोळीचा नाका ओलांडला की पलीकडे महाराष्ट्रातलं कागल, तिथं महावितरण. तिथं ही सवलत नाही. दोन बहिणी, एक निपाणीत, एक कागलात, एकीचं गिझरचं बिल शून्य आणि दुसरी पैसे भरते. म्हणून कागलकडच्या बहिणीनं गॅस गिझर बसवलाय.

गॅस गिझरबद्दल मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. तो झटपट आहे, स्वस्त आहे, शेवटच्या बाईलाही कढत पाणी देतो, म्हणून बायकांना आवडतो. पण बंद न्हाणीत तो लावू नका. गॅस जळायला हवा लागते. खिडकी लावलेल्या चार बाय पाचच्या खोलीत ती पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. माणसाला डोकं जड वाटतं, पाय गळतात आणि कडी उघडायची ताकद राहत नाही. आंघोळीला गेलेली माणसं अशी गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गिझर न्हाणीबाहेर, मोकळ्या भिंतीवर लावायचा आणि नुसतं पाणी नळानं आत घ्यायचं. मी पाहिलेल्या बऱ्याच घरांत तो आतच होता, आणि खिडकीला थंडी येते म्हणून पुठ्ठा.

याच धाग्यावरची दुसरी गोष्ट बाळंतिणीची. आपल्याकडे खोली गरम करायची रीत असलीच तर ती हीच. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा, दारं-खिडक्या लावलेल्या. आईच्या माझ्यावरच्या मायेचा वास मला अजून ओव्याच्या धुराचा येतो. पण तोच कार्बन मोनॉक्साइड त्या निखाऱ्यांतूनही निघतो आणि खोलीत दहा-बारा दिवसांचं बाळ असतं. शेक द्यायचाच तर शेगडी बाहेर पेटवून कापड तापवून आणावं, खिडकी किलकिली ठेवावी. माझ्या जावेच्या बाळंतपणात आम्ही रबरी पिशवी आणि कढत पाणी वापरलं. ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी केली. सासूबाईंनी कुरकुर केली नाही.

रॉडबद्दल थोडक्यात. भाड्याच्या खोल्यांत, विद्यार्थ्यांकडे तोच आहे. बादलीत बुडवायचा, बटण दाबायचं. अर्थिंग नसेल आणि बटण बंद न करता पाण्यात हात घातला तर जीव जातो. लोखंडी बादलीत तर नकोच.

राहिला सोलर. याला आमच्याकडे अजून पुष्कळ जण 'सोलर बंब' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. कर्नाटकात तो लवकर रुजला. २००७ साली सरकारनं ठरावीक आकाराच्या वरच्या इमारतींना तो सक्तीचा केला आणि सोलर बसवलेल्या घराला वीजबिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये, अशी सूट वीज कंपन्या देत आल्या. बेंगळुरूच्या गच्च्यांवर टाक्यांची रांग दिसते ती त्यामुळे. बेळगावात हिंदवाडी, टिळकवाडीत दिसते, शहापूर-वडगावच्या कौलांवर क्वचित.

१०० लिटरचा सोलर तीन-चार माणसांना पुरतो आणि वर्षाला दीड हजार युनिटपर्यंत वीज वाचवतो, असं केंद्र सरकारचं नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय सांगतं. दोन जाती आहेत. एकात काळ्या रंगाचा तांब्याचा पत्रा काचेखाली, दुसऱ्यात काचेच्या दुहेरी नळ्या, मधली हवा काढलेली. नळ्यांचा स्वस्त पडतो आणि थंडीत चांगला चालतो. पण बोअरचं पाणी जड असेल तर नळ्यांत पांढरा थर बसतो. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास कमी. ज्या घरात नळाला आठवड्यातून एक-दोनदा पाणी येतं, तिथं वरची टाकी भरलेली नसेल तर सोलरही कोरडा पडतो. एका प्लंबरनं मला गच्चीवर नेऊन दोन नळ्या काढून दाखवल्या. एक आरशासारखी, दुसरीत तळाशी बोटभर चुन्याचा खडा. दोन्ही एकाच वर्षी बसवलेल्या, एक नळाच्या पाण्यावर, दुसरी बोअरवर.

लोक गफलत करतात ती इथं सांगून ठेवते. गच्चीवर वीज तयार करणारं पॅनल वेगळं आणि पाणी तापवणारा सोलर वेगळा. २०२४ साली आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं ७८ हजारांपर्यंतचं अनुदान विजेच्या पॅनलला आहे, पाण्याच्या सोलरला नाही. त्याच भरवशावर एका घरानं ऑर्डर दिली आणि मग भांडण झालं.

आणि पाऊस. बेळगावात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. निपाणीकडे पाऊस कमी, तिथं सोलर जास्त दिवस चालतो, खानापूरकडे सगळ्यात कमी. म्हणून इथं कोणी 'सोलर घ्या आणि सुटा' म्हणालं तर ऐकू नये. पावसाळ्यापुरती दुसरी सोय, टाकीतली विजेची कॉईल किंवा जुनी चूल, ठेवावीच लागते.

निपाणीत मात्र मला सोलरचा एक उपयोग दिसला जो कुठल्याच पत्रकात लिहिलेला नव्हता. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांची आंघोळ सकाळची नसते. दिवसभर चाळताना, पाखडताना उडालेली धूळ केसांत, नाकात, पापण्यांवर बसलेली असते. घरी येऊन अंग धुतल्याशिवाय लेकराला जवळ घेता येत नाही. या बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना बांधून मजुरीसाठी लढा दिला, त्यावर 'युगांतर' या स्त्रीवादी गटानं १९८२ साली माहितीपट केला. त्याच्या नावातच 'तंबाखू' आणि 'ऊब' हे शब्द आहेत. वखारीतून थकून आल्यावर चूल पेटवून तासभर थांबायचं आणि मग अंग धुवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं. अशाच एका घरात मुलानं कर्ज काढून सोलर बसवलाय. संध्याकाळी सहाला टाकीतलं पाणी दिवसातलं सगळ्यात कढत असतं. तिनं मला न्हाणीत नेलं, नळ सोडला, वाफ बघून हात मागे घेतला आणि दोन तांबे गार पाणी ओतलं. "आता मला इसण घालावं लागतं बघा," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी अजून विसरलेले नाही.

घरी आल्यावर मी सासूबाईंना तेवढंच सांगितलं. आम्ही सोलर घेतला, दोनशे लिटरचा, आत कॉईल असलेला. गच्चीपासून खालच्या न्हाणीपर्यंत नळ लांब असल्यानं पहिली अर्धी बादली गारच येते. ती धुण्याला ठेवतो. नळाला बाहेरून फोमचं वेष्टण घातलं. खर्च साध्या गिझरच्या तिप्पट आला आणि त्यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. यजमानांचं म्हणणं, वीज फुकट असताना एवढा खर्च कशाला. आमचा कोटा किती आणि वापर किती ते मी बिल समोर ठेवून दाखवलं. मग ते गप्प झाले. योजना उद्या राहील न राहील, हेही होतंच.

बंब मोडीत घातला नाही. वडगावात एक म्हातारे कारागीर सापडले, त्यांनी बुडाला पत्रा बसवून डाख लावून दिला. या दिवाळीला तो पेटणार, एकाच पहाटेपुरता, करवंट्यांवर, दार उघडं ठेवून. समोरच्या अक्कांनी वेल दोन जास्तीच्या आणायचं कबूल केलंय.

कॉईलचं बटण सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. ज्या दिवशी ऊन पुरत नाही आणि बटण दाबावं लागतं, त्या दिवशी त्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलनं ठिपका देतात. जुलैचं पान ठिपक्यांनी भरलं होतं, ऑगस्टचं जवळजवळ तसंच. गणपतीनंतर ते विरळ झाले. ऑक्टोबरच्या पानावर आजपर्यंत दोनच आहेत.